बालकवि ठोंबरे

सन १९०७ सालीं जळगांव येथें महाराष्ट्रांतील पहिलें कविसंमेलन भरलें. अध्यक्षस्थानीं कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे पेशानें डॉक्टर व व्यासंगानें वनस्पतिशास्त्रज्ञ. नामांकित कवींच्या त्या सभेंत खानदेशांतलाच एक पोरसवदा मुलगा उभा राहिला व स्वतःची कविता म्हणूं लागला. सभा चकित झाली. अध्यक्षांनीं त्यास ‘बालकवि’ ही पदवी दिली, आणि तीच पुढें त्याचें नांव होऊन बसली.

या मुलाचें पाळण्यांतील नांव त्र्यंबक. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजीं धरणगांवीं झाला. वडील पोलीस खात्यांत. बदल्या वारंवार होत, त्यामुळें शिक्षणाची आबाळ झाली.

कवितेची वही पेटीच्या तळाशीं दडवून ठेवणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. कोणी हंसेल, ही त्यांस धास्ती. त्र्यंबकास ती मुळींच नसेल असें आम्हांस वाटत नाहीं; परंतु तो उभा राहिला, एवढें खरें. त्यामुळें पदवीहून मोठी अशी एक वस्तु त्यास लाभली. ती म्हणजे वडीलधाऱ्या कवीचा स्नेह. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं त्यास अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्या ख्रिस्ती कुटुंबांत हा ब्राह्मणाचा मुलगा घरच्यासारखा वावरला. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्याच्याविषयीं मोठ्या मायेनें लिहिलें आहे; आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं तो भाग वाचला नसेल त्यांनीं तो अवश्य वाचावा. पुढें राम गणेश गडकरी ऊर्फ गोविंदाग्रज यांच्याशींही बालकवींची मैत्री जडली.

मात्र कौतुकास एक दुसरी बाजू असते. ज्यास सतराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांनीं ‘बाल’ म्हणून डोक्यावर घेतलें, त्यानें जन्मभर बालच राहावें अशी लोकांची नकळत अपेक्षा होते. ‘फुलराणी’ या कवितेंत इवल्याशा कळीचा व सूर्यकिरणाचा विवाहसोहळा त्यांनीं रंगविला, तो लोकांस अतिशय आवडला. तसलेंच लिहीत राहते तर कोणी दोष दिला नसता. परंतु ‘पारवा’, ‘शून्य मनाचा घुमट’ या कवितांत भयाण एकांत दाटला आहे. अवघ्या आठ ओळींच्या ‘औदुंबरा’ंत तर टेकड्या, लहानसें गांव, पांढरी पायवाट यांच्या शेवटीं काळ्या डोहावर पसरलेली छाया येते, आणि झाड पाण्यांत पाय सोडून स्वस्थ बसलेलें दिसतें. दुःख कीं शांति, हें वाचकानेंच ठरवावें. हा कवि बाल नव्हे. आमच्या मतें त्या पदवीनें त्यांस नांव दिलें, तसा थोडा अन्यायही केला.

५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळील भादली स्टेशनापाशीं रेल्वेचे रूळ ओलांडीत असतां त्यांस गाडीचा धक्का लागला व तेथेंच त्यांचा अंत झाला. वय सत्तावीस. पुढील वर्षाच्या जानेवारींत गडकरी गेले, मे महिन्यांत टिळकही गेले. बालकवींच्या हयातींत त्यांच्या कवितांचें एकही पुस्तक निघालें नव्हतें. मासिकांच्या अंकांतून विखुरलेल्या त्या कविता मागाहून इतरांनीं वेंचून एकत्र केल्या.