विजेला माप लावणारे लोहारपुत्र : मायकेल फॅरडे

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहारकाम करीत. परंतु प्रकृती साथ देत नसल्याने कामात खंड पडे आणि घरात दारिद्र्य वसतीला असे. लेखन, वाचन व अंकगणित एवढ्यावरच मायकेल यांचे शालेय शिक्षण संपले. १८०५ साली ते जॉर्ज रीबो या पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थांकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिले. बांधणीसाठी आलेली पुस्तके ते वाचून काढीत. ज्ञानकोशातील विद्युतविषयक लेख आणि जेन मार्सेट या विदुषींचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनी त्यांच्या जीवनाला दिशा दिली. वाचलेले प्रयोग ते तुटपुंज्या पैशांत साहित्य जमवून स्वतः पडताळून पाहत.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका ग्राहकाने दिलेल्या प्रवेशपत्रिकांमुळे त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकता आली. याच डेव्ही यांनी १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये प्रथमच वेगळी केली होती. फॅरडे यांनी व्याख्यानांची सविस्तर टिपणे सचित्र लिहून काढली, स्वहस्ते त्यांची बांधणी केली आणि तो ग्रंथ डेव्ही यांच्याकडे पाठविला. मार्च १८१३ मध्ये ते तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

पुढील मार्ग सुकर नव्हता. त्याच वर्षी डेव्ही दांपत्याबरोबर युरोपच्या प्रवासास गेले असता त्यांना नोकराची कामेही करावी लागली व तशीच वागणूक सोसावी लागली. पुढे रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचविले गेले, तेव्हा अध्यक्षपदी असलेल्या डेव्ही यांनीच विरोध केला. तरीही १८२४ मध्ये त्यांची निवड झाली. गुरूविषयीचा आदर मात्र फॅरडे यांनी अखेरपर्यंत जपला.

विजेमुळे पदार्थांचे विघटन होते हे तोवर ज्ञात होते. ते कसे व किती होते, याचा उलगडा झालेला नव्हता. द्रवात बुडविलेली धातूची टोके घटकांना दुरून ओढून घेतात, असा समज प्रचलित होता. १८३३ मध्ये फॅरडे यांनी सोडियम सल्फेटच्या द्रावणात लिटमसचे व हळदीचे कागद भिजविले आणि धातूचा स्पर्श होऊ न देता हवेतून त्यांवर वीज सोडली. तरीही एका टोकास आम्ल व दुसऱ्या टोकास अल्कली निर्माण होऊन कागदांचे रंग पालटले. विघटनाचे कारण धातूच्या आकर्षणात नसून द्रावणातून वाहणाऱ्या विजेत आहे, हे यावरून दिसून आले.

आजच्या परिभाषेत सांगायचे, तर मोरचुदाच्या द्रावणात तांब्याचे धन आयन व सल्फेटचे ऋण आयन असतात. विद्युतघट जोडताच धन आयन ऋणाग्राकडे जातात आणि तेथे इलेक्ट्रॉन मिळून तांब्याचा थर बसतो. धनाग्रही तांब्याचे असेल, तर तेथील तेवढेच तांबे द्रावणात उतरते. किंचित आम्ल घातलेल्या पाण्यातून वीज सोडल्यास ऋणाग्रापाशी हायड्रोजन व धनाग्रापाशी त्याच्या निम्म्या आकारमानाचा ऑक्सिजन मिळतो.

फॅरडे यांनी ही क्रिया काटेकोरपणे मोजली. अग्रे लहान असोत वा मोठी, द्रावण तीव्र असो वा सौम्य, मुक्त होणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान वाहिलेल्या एकूण विद्युतभाराच्याच प्रमाणात असते, हा त्यांचा पहिला नियम होय. दुसरा नियम असा, की समान विद्युतभाराने मुक्त होणारी निरनिराळ्या पदार्थांची वस्तुमाने त्यांच्या सममूल्यभारांच्या प्रमाणात असतात. जी वीज १ ग्रॅम हायड्रोजन मुक्त करते, तीच ८ ग्रॅम ऑक्सिजन, सुमारे ३१.८ ग्रॅम तांबे किंवा सुमारे १०८ ग्रॅम चांदी मुक्त करते. हा विद्युतभार सुमारे ९६,५०० कूलोम असून त्यास फॅरडे यांचेच नाव आहे. १८३४ मध्ये केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने त्यांनी धनाग्र, ऋणाग्र व आयन या संकल्पनांसाठी नवे शब्द योजले. ते आज जगभर रूढ आहेत.

या नियमांचे मर्म फार खोल होते. वीजही ठराविक अंशांनीच बनलेली असावी, असा निष्कर्ष हेल्महोल्ट्झ यांनी १८८१ मध्ये त्यांवरून काढला आणि १८९७ मध्ये थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. उच्च गणित न शिकलेल्या माणसाने साध्या प्रमाणाच्या हिशेबाने विज्ञानाला या उंबरठ्यापर्यंत आणून सोडले होते.

फॅरडे यांनी 'सर' हा किताब व रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले. मुलांसाठी नाताळात होणारी व्याख्याने मात्र ते वर्षानुवर्षे आनंदाने देत राहिले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले.

प्रयोगशाळेतील ऋणाग्रावर तांब्याचा लालसर थर चढताना पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने या लोहारपुत्राचे स्मरण करावे. त्यांनी शोधलेला नियम प्रयोग करणाऱ्याचे कुल विचारीत नाही. योग्य मोजमाप करणाऱ्या प्रत्येकास तो एकच उत्तर देतो.