जॉन टिंडल

जव्हारकडील दाभोसा येथें हिवाळ्यांत ज्या रात्रीं हवा कोरडी असते, त्या रात्रीं पहांटेचा गारठा अंगास झोंबतो; हवेंत बाष्प असलें म्हणजे तीच रात्र सुसह्य वाटते. जमिनींतून वर जाणाऱ्या उष्णतेस हवेंतील कोणकोणते वायु अडवितात, हें काटेकोर मोजून दाखविणारा पुरुष म्हणजे जॉन टिंडल.

त्याचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजीं आयर्लंडांतील एका खेड्यांत झाला. बाप पोलीस शिपाई; घरची स्थिति बेताची. टिंडल प्रथम जमीनमोजणी खात्यांत व नंतर रेल्वेच्या मोजणीवर होता. मोजण्याची ही संवय त्यास जन्मभर पुरली. १८४८ सालीं तो जर्मनींतील मारबुर्ग येथें शिकावयास गेला आणि १८५३ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें फॅरडेचा सहकारी झाला.

१८५९ सालीं त्यानें वायूंची परीक्षा आरंभिली. कांच उष्णतेचे किरण अडविते, म्हणून त्यानें नळीच्या दोन्ही तोंडांस सैंधवाच्या चकत्या बसविल्या. (उपासाचें सैंधव तें हेंच!) एकीकडे उकळत्या पाण्याचें भांडें, दुसरीकडे उष्णतामापक, शिवाय उलट बाजूस दुसरें उष्ण भांडें ठेवून त्यानें कांटा शून्यावर आणला, कीं अल्प फरकहि लपूं नये. प्राणवायु व नत्रवायु यांतून उष्णता जवळजवळ निर्वेध गेली. बाष्प, कार्बोनिक वायु आणि दलदलींतील मिथेन यांनीं मात्र ती शोषली. डोळ्यांस हे सर्व सारखेच अदृश्य! न्यायाखातर सांगितलें पाहिजे कीं, अमेरिकेंतील युनिस फूट या बाईंनीं १८५६ सालींच कार्बोनिक वायु उन्हांत अधिक तापतो हें दाखविलें होतें. त्यांचें नांव जगानें फार उशिरां घेतलें.

मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरवर समुद्रांत, ‘मुंबई हाय’ येथें, १९७४ सालीं तेल सांपडलें. तेलाबरोबर मिथेन वर येतोच. कांहीं नळांत जातो, कांहीं ज्योतींत जळतो. पण कोणत्याहि विहिरीवर झडपांतून किंवा विझलेल्या ज्योतींतून जो निसटतो, तो कोणास दिसत नाहीं. शंभर वर्षांच्या हिशेबानें तितक्याच वजनाच्या कार्बोनिक वायूच्या सुमारें २८ पट उष्णता तो अडवितो. ही गळती पूर्वी बहुधा ठरीव दरानें कागदावरच धरीत. अमेरिकेंत प्रत्यक्ष मोजतांच ती कागदापेक्षां पुष्कळ अधिक भरली. आतां विमानांतून व उपग्रहांवरून मोजणी होते, ती मिथेन जे किरण शोषतो ते किती उणे झाले यावरून. म्हणजे टिंडलचीच नळी. सैंधवाच्या चकत्या गेल्या आणि नळीच्या जागीं उघडें आकाश आलें.

४ डिसेंबर १८९३ रोजीं त्याची पत्नी लुइझा हिच्या हातून औषधांची अदलाबदल झाली, क्लोरल अधिक गेलें आणि टिंडल त्याच दिवशीं वारला. ती पुढें १९४० पर्यंत जगली व पतीच्या चरित्राचे कागद जमवीत राहिली. चरित्र निघालें तें १९४५ सालीं.