बेळगावचे नाथ पै, राजापूरचे खासदार

१७ जानेवारी हा बेळगाव-निपाणी सीमाभागाचा हुतात्मा दिन आणि १८ जानेवारी हा बॅरिस्टर नाथ पै यांचा स्मृतिदिन. ह्या दोन तारखा एकमेकींना लागून आल्या, हा केवळ योगायोग नव्हे. १९७१ साली हुतात्मा दिनाच्या बेळगावातील सभेत, प्रकृती साथ देत नसतानाही, नाथ पै बोलले आणि त्यानंतर काही तासांतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४८ होते. कोकणाने त्यांच्यावर आपला हक्क सांगितला आहे व तो रास्तच आहे. तथापि त्यांच्या आयुष्याचा आरंभ वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर झाला असला, तरी त्यांची घडण बेळगावची आणि अखेरही बेळगावची. लोकसभेत मात्र त्यांना पाठविले ते राजापूरने. बेळगावची लोकसभेची जागा त्या काळात आणि त्यानंतर कोणाकडे जात राहिली, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज नाथ पैंचे मोठेपण पुरते कळत नाही, आणि सीमाभागाचे दुखणेही कळत नाही.

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यास जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी घाट चढून बेळगावास आला. त्या काळी ह्यात नवल असे काही नव्हते. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण ह्या भागाला बेळगाव हे वरच्या अंगाचे घरच होते. आंबोलीचा घाट चढला की बाजारपेठ बेळगावची, दवाखाना बेळगावचा आणि पुढचे शिक्षणही तेथलेच. बेळगावात ज्या संस्थेने विद्येची मोठी सोय केली तिचे नावच साउथ कोकण एज्युकेशन सोसायटी आहे, एवढ्यावरून काय ते समजावे. आज नकाशावर राज्याची सीमा ज्या ठिकाणी दिसते, तेथे त्या काळी फक्त घाट होता.

१९४२ च्या आंदोलनात तरुण नाथ पै बेळगावातून उतरले. पोलिसांचा मार आणि तुरुंगवास हे दोन्ही त्यांनी भोगले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले आणि तेथे युरोपातील समाजवादी चळवळीच्या जवळ आले. त्यांच्या वक्तृत्वाची व बुद्धीची कदर तेथल्या मंडळींनी अशी केली, की समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद १९५४ ते १९६० पर्यंत ह्या वेंगुर्लेकराकडे राहिले. युद्धाने पोळलेल्या युरोपातील तरुणांनी आपला पुढारी म्हणून एका भारतीयाला निवडावे, ही गोष्ट आज वाटते तेवढी साधी नव्हती. त्यांचा विवाहही ऑस्ट्रियातील युवतीशी झाला. लंडन-व्हिएन्नाच्या वर्तुळात स्थिरावणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांचे मन तेथे रमले नाही आणि ते परत आले.

ते परतले तो काळ भाषावार प्रांतरचनेच्या वादळाचा होता. १६ जानेवारी १९५६ च्या रात्री पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि मराठी मुलुख पेटला. दुसऱ्या दिवशी बेळगावात व निपाणीत गोळीबार झाला. त्यात बेळगावचे मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी आणि निपाणीच्या कमळाबाई मोहिते ह्यांना हौतात्म्य आले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला चंदगड तालुका तेवढा वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. ही पुनर्रचना ज्या गृहखात्याने हाताळली, त्याच खात्यात बेळगावचे खासदार बळवंत नागेश दातार हे मंत्री होते. १९५२ साली ते बेळगाव उत्तर मतदारसंघातून निवडून आले होते. म्हणजे बेळगावचा प्रतिनिधी दिल्लीत अगदी निर्णयाच्या दाराशी बसलेला होता, आणि बेळगावच्या मराठी माणसाचे गाऱ्हाणे मात्र दाराबाहेर राहिले. दातार कार्यक्षम गृहस्थ होते, त्यांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु खुर्ची असणे आणि वाचा असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बेळगावने पहिल्यांदा तेव्हा अनुभवले.

१९५७ ची निवडणूक ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. विधानसभेसाठी बेळगाव शहराने महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सुंठणकरांना निवडून दिले. खानापूर आणि निपाणी ह्यांनीही समितीलाच कौल दिला. पुढे १९६२ मध्ये म्हैसूर विधानसभेत समितीचे ६ आमदार बसले. ह्याहून स्पष्ट लोकमत कोणते असते? पण लोकसभेचे गणित निराळे होते. बेळगावचा लोकसभा मतदारसंघ शहरापुरता कधीच नव्हता. त्यात पूर्वेकडचे कन्नडभाषक तालुके मोठ्या प्रमाणात होते, आणि मराठी मतदार एका जागी एकवटलेला नव्हता. आजही तीच स्थिती आहे. बेळगाव शहर व ग्रामीण भाग बेळगाव मतदारसंघात गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती व रामदुर्ग ह्यांच्यासमवेत, निपाणी चिकोडीत, आणि खानापूर तर थेट कारवार-भटकळच्या उत्तर कन्नड मतदारसंघात. तीन ठिकाणी वाटला गेलेला मतदार तिन्ही ठिकाणी अल्पसंख्य ठरतो, हे सांगावयास गणितज्ञ नको. कन्नड शेतकऱ्याने आपल्या पसंतीचा उमेदवार निवडावा ह्यात काही गैर नाही. पण विधानसभेत सहज दिसणारी मराठी मतदारांची इच्छा लोकसभेच्या पेटीत मात्र विरून जात होती. १९५७ साली बेळगावातून पुन्हा दातारच निवडून आले. चिकोडीने तेवढा अपवाद केला आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दत्ता कट्टी ह्यांना दिल्लीस पाठविले. १९६२ साली तीही जागा काँग्रेसने परत घेतली.

त्याच १९५७ साली, घाटाच्या खाली, राजापूर मतदारसंघाने प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै ह्यांना निवडून दिले. त्या साली संयुक्त महाराष्ट्राची लाट होती असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण १९६२ मध्ये ती लाट ओसरलेली होती, महाराष्ट्र राज्य झाले होते, आणि काँग्रेसने महाराष्ट्रातील जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या होत्या. तेव्हाही राजापूर नाथ पैंच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९६७ मध्ये तिसऱ्यांदा राहिले. मनीऑर्डरीवर जगणाऱ्या, रेल्वे न पाहिलेल्या, रस्ते नसलेल्या ह्या मुलुखाला एका व्युत्पन्न बॅरिस्टराची भाषा कळत होती, ह्याचे पांढरपेशा निरीक्षकांना आश्चर्य वाटे. आम्हांला ते वाटत नाही. दशावतार आणि कीर्तन रात्र-रात्र ऐकणाऱ्या माणसाला चांगले बोलणे आणि पोकळ बोलणे ह्यांतला फरक बरोबर समजतो.

लोकसभेत नाथ पै कोकणचे खासदार होतेच. कोकण रेल्वेची मागणी त्यांनी लावून धरली. त्यांचे उत्तराधिकारी मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस ह्यांच्या काळात ती मूर्त रूपास आली आणि १९९८ साली गाडी सर्व मार्गावर धावली. गोव्याच्या मुक्तीसाठी त्यांनी सरकारला स्वस्थ बसू दिले नाही. त्यांचा मतदारसंघच गोव्याच्या हद्दीला भिडलेला होता. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ह्यांनी स्वतंत्र गोव्याचा गुप्त आकाशवाणी-ध्वनी १९५५ साली ज्या रानातून प्रथम उठविला, ते आंबोलीचे रान ह्याच मुलखातले. आणि गोव्यातून हद्दपार झालेल्या, परागंदा झालेल्या देशभक्तांना आसरा देणाऱ्या गावांत बेळगावचा मान मोठा. आम्हा गोमंतकीयांवर बेळगावचे हे ऋण आहे, आणि भाजी-दुधाच्या गाड्या चोर्ल्याच्या घाटाने रोज उतरतात म्हणून ते फिटत नाही.

परंतु ह्या सर्वांबरोबर नाथ पै बेळगावचेही अघोषित खासदार होते. सीमाप्रश्नावर ते दिल्लीत बोलत तेव्हा त्यांच्या मतदारसंघाचे एकही मत त्यात गुंतलेले नसे. उलट पक्षाच्या दृष्टीने ती अडचणच होती. प्रजा समाजवादी पक्ष हा म्हैसूर राज्यातही प्रमुख विरोधी पक्ष होता, १९६२ साली तेथे त्याचे २० आमदार होते, आणि तिकडच्या कार्यकर्त्यांना बेळगाव म्हैसुरातच हवे होते. हे ओझे वाहूनही त्यांनी बेळगाव सोडले नाही. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राची चतुःसूत्री होती. कन्नड भाषेचा द्वेष तीत कोठेच नव्हता, आणि नाथ पैंसारख्या आंतरराष्ट्रीय वृत्तीच्या माणसाला तो मानवलाही नसता. पुढच्या काळात सीमालढ्याच्या नावाने दोन्ही बाजूंनी जी दगडफेक झाली आणि पाट्यांना जे काळे फासले गेले, ती ह्या माणसाची रीत नव्हे.

१९६६ साली सेनापती बापटांनी उपोषण केले तेव्हा केंद्राने महाजन आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये आयोगाने बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवण्याची शिफारस केली. निपाणी, खानापूर, नंदगड ह्यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला असा हिशेब मांडला. खेडे हा घटक धरून महाराष्ट्राने मागितली होती ८१४ गावे. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, अंमलबजावणी झाली नाही, आणि निपाणी आहे तेथेच राहिली.

त्याच वर्षी नाथ पैंनी आपल्या संसदीय आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती घेतले. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात संसदेला मूलभूत हक्कांत कपात करता येणार नाही असा निर्णय दिला होता. एप्रिलमध्ये नाथ पैंनी खासगी विधेयक आणले: घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असला पाहिजे. विरोधी बाकावरील एका सभासदाचे विधेयक वर्षानुवर्षे राष्ट्राच्या चर्चेचा विषय व्हावे, असे क्वचितच घडते. संयुक्त समितीकडे ते गेले, त्यावर रण माजले, आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते निकालावाचून गळून पडले. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच तत्त्व स्वीकारले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य करून घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा तिला घातली. आणीबाणीचा अनुभव घेतलेल्या आमच्या पिढीला ही मर्यादाच अधिक सुरक्षित वाटते, हे येथे नमूद केले पाहिजे. नाथ पैंचा संसदेवरील विश्वास अमर्याद होता. ज्या घटनेच्या तिसऱ्या कलमान्वये राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार एकट्या संसदेला आहे, त्या संसदेपुढे लोकेच्छा नीट मांडली तर न्याय मिळेल, ही त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेची कसोटी बेळगावइतकी कठोर दुसऱ्या कोठे लागली नसेल.

विधेयक बुडाल्यावर तीन आठवडे झाले आणि ते बेळगावच्या त्या अखेरच्या सभेत उभे राहिले.

बेळगावच्या जागेचा पुढचा इतिहास भरभर सांगता येतो. १९६३ साली दातारांच्या निधनानंतर कौजलगी, मग नबीसाब, दोनदा कोट्रशेट्टी, १९८० पासून चारदा सिदनाळ. हे सर्व काँग्रेसचे. शहराची विधानसभेची जागा १९९४ पर्यंत समितीकडे राहिली आणि १९९९ साली गेली, तीही बहुतांशी समितीतल्या दुफळीमुळे. मधल्या काळातील १९९६ ची लोकसभा निवडणूक मात्र विसरण्याजोगी नाही. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून समितीने शेकडो अर्ज भरविले, आणि एका जागेसाठी ४५६ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेची वही करावी लागली. दिल्लीने ह्यातून बोध घेतला तो एवढाच, की त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली. २००४ पासून सुरेश अंगडी चार वेळा भारतीय जनता पक्षातर्फे निवडून आले. त्यांच्या निधनानंतर २०२१ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी मंगला अंगडी अवघ्या ५,२४० मतांनी जिंकल्या, आणि समितीने पाठिंबा दिलेल्या तरुण उमेदवारास सुमारे १ लाख १७ हजार मते पडली. दिल्लीत त्या १ लाख १७ हजारांचे कोणी नव्हते. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभेत समितीचा एकही आमदार आला नाही. गाऱ्हाणे आता २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेल्या दाव्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणजे संसदेबाहेर.

राजापूरने नाथ पैंच्या पश्चात १९७१ मध्ये दंडवत्यांना निवडले आणि पुढे सलग पाच वेळा त्यांना पाठविले. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघ हे नावच मिटले. चिपीच्या विमानतळास नाथ पैंचे नाव देण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२२ साली ठरविले. बेळगावात शहापूरच्या एका चौकाला त्यांचे नाव आहे, आणि त्या शहराचे सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी झाले आहे.