किल्ल्यात कोंडलेला राजा आणि महाबळेश्वरचा पहिला गाडीरस्ता : छत्रपती प्रतापसिंह महाराजांची कहाणी

मेढा (ता. जावळी) : साताऱ्याहून मेढा, केळघर मार्गे महाबळेश्वरला जायचं म्हटलं तर आज एसटीला दोन तासांच्या आसपास लागतात. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. वेण्णा नदीचं खोरं धरून रस्ता वर वर जातो आणि केळघर सोडलं की घाट सुरू होतो. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण सव्वादोन-अडीच हजार फुटांवर, तर महाबळेश्वर साडेचार हजारांवर. एवढा चढ बैलगाडी किंवा घोडागाडी घेऊन चढता येईल, असं दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या मनातही येत नव्हतं. तो गाडीरस्ता राजधानीपासून महाबळेश्वरपर्यंत पहिल्यांदा बांधून घेतला साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी.

महाराजांचे नाव साताऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रतापगंज पेठ आहे, राजवाड्यात प्रतापसिंह हायस्कूल आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भीमरावाचं, म्हणजे पुढे बाबासाहेब आंबेडकर झालेल्या मुलाचं, नाव दाखल झालं ते याच शाळेत. पण डोंगरातल्या रस्त्याशी महाराजांचा काय संबंध, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात.

प्रतापसिंहांचा जन्म १८ जानेवारी १७९३ चा. वडील दुसरे शाहू महाराज. नावाला छत्रपती, पण सगळा कारभार पुण्याच्या पेशव्यांच्या हातात. राजघराणं साताऱ्याच्या किल्ल्यावर पहाऱ्यात राहायचं. कुणी भेटायचं, कुणी नाही, हेसुद्धा दुसरेच ठरवायचे. १८०८ मध्ये वडील वारले आणि पंधरा वर्षांचा मुलगा गादीवर आला. गादी मिळाली, पण पहारा हलला नाही. राजाला फार शहाणं होऊ द्यायचं नाही असाच तेव्हाचा रिवाज होता. आई माईसाहेबांनी त्यांना रात्रीच्या वेळी गुपचूप लिहाय-वाचायला शिकवलं, असं सांगतात. ज्या माणसाला तटाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यानं पुढं रस्ते करायला घ्यावेत, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

१८१७ च्या शेवटी इंग्रज आणि दुसरा बाजीराव यांची लढाई जुंपली. छत्रपती इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून बाजीरावानं राजघराण्यातल्या माणसांना वासोट्याला हलवलं. वासोटा म्हणजे जावळीच्या पार आत, कोयनेच्या खोऱ्यातला किल्ला. चहूकडं रान. आजही तिथं जायचं तर बामणोलीहून लाँचनं जलाशय ओलांडावा लागतो आणि पुढं जंगल चढावं लागतं. खुद्द महाराजांना, त्यांच्या आईला आणि भावांना बाजीरावानं आपल्या फौजेबरोबर फिरवलं. २० फेब्रुवारी १८१८ ला सोलापूरकडच्या आष्टीला गाठ पडली. सेनापती बापू गोखले तिथं पडले, बाजीराव निसटला आणि छत्रपती इंग्रजांच्या छावणीत आले. एप्रिलमध्ये वासोटाही पडला.

इंग्रजांनी त्याच एप्रिलमध्ये महाराजांना साताऱ्यात पुन्हा गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. पश्चिमेला सह्याद्री, दक्षिणेला वारणा, उत्तरेला नीरा आणि पूर्वेकडे पंढरपूर-विजापूरच्या बाजूपर्यंत असा मुलूख त्यांना मिळाला. अट मात्र कडक होती. कंपनीला विचारल्याशिवाय बाहेरच्या कुठल्याही संस्थानाशी पत्रव्यवहार करायचा नाही. ही अट ध्यानात ठेवा, पुढं तीच गळ्याशी आली.

सुरुवातीला कारभार जेम्स ग्रँट हा इंग्रज अधिकारी बघायचा. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच, आणि त्या इतिहासासाठी लागणारे जुने कागद त्याला महाराजांच्या दप्तरातून मिळाले. महाराज रोज कचेरीत बसून कामकाज शिकले. ५ एप्रिल १८२२ ला सगळा अधिकार त्यांच्या हातात आला. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. शाळा काढली, ग्रंथ जमवले, स्वतःची रोजनिशी ठेवली. कामाला पहाटेपासून बसणारा राजा म्हणून त्यांचा लौकिक होता.

आता रस्त्याकडे वळू. त्या काळात जावळीचा डोंगर आणि खालचा मुलूख यांच्यात वाटा नव्हत्या असं नाही. वाटा भरपूर होत्या, पण पायवाटा. कोकणातून मीठ वर यायचं ते बैलांच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर. पारच्या बाजूनं चढणारा रडतोंडीचा घाट तर नावातच सगळं सांगतो. चढणाऱ्याचं तोंड रडवेलं व्हायचं म्हणून रडतोंडी. पुढे इंग्रजांच्या जिभेवर त्याचं रोटंडा झालं आणि त्यांच्या कागदांत तेच नाव चढलं. पाठीवर ओझं घेतलेला बैल उभ्या चढाला सरळ चढू शकतो, गाडीला जुंपलेला बैल नाही. गाडीला उतार हलका लागतो, म्हणून वाट नागमोडी करावी लागते. एक डोंगर चढायला चार वळणं घ्यायची, वरच्या अंगाला कडा तासायचा, खालच्या अंगाला दगडाचा धक्का बांधायचा, पाण्याला गटार आणि मोऱ्या काढायच्या. दोनशे इंचांवर पाऊस पडणाऱ्या डोंगरात मोरी तुंबली की अख्खा रस्ता दरीत जातो. घाटात राहणाऱ्या माणसाला हे शिकवायला नको.

यात आणखी एक गोम आहे. जावळीला रस्ता नव्हता, हीच जावळीची ताकद होती. १६५९ मध्ये अफझलखान वाईकडून फौजफाटा घेऊन याच डोंगरात उतरला. हत्ती, तोफा, उंट, सगळं त्या अडचणीच्या वाटेत अडकलं. प्रतापगडाच्या पायथ्याशी पुढं काय घडलं ते शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. शत्रूला सहज येता येऊ नये म्हणून डोंगर तसाच ठेवायचा, हे स्वराज्याचं शहाणपण होतं. त्याच गादीवर बसलेल्या प्रतापसिंहांनी त्याच जावळीत गाडी चढेल असा रस्ता करायला घेतला. काळ बदलला होता. शत्रू आता दरबारात खुर्ची टाकून बसला होता, त्याला डोंगरात अडवण्यात अर्थ उरला नव्हता.

रस्त्याची ठिणगी पडली ती इंग्रजांकडूनच, हे लपवायचं कारण नाही. १८२४ मध्ये साताऱ्यात पलटणीबरोबर असलेला लॉडविक नावाचा अधिकारी डोंगर चढून महाबळेश्वरच्या पठारावर पोहोचला. उन्हाळ्यातसुद्धा अंगावर पांघरूण घ्यावं लागतंय हे बघून त्यानं त्या जागेचा वर्तमानपत्रांतून गाजावाजा केला. पाठोपाठ साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज यानं तिथं १८२६ मध्ये बंगली बांधली आणि महाराजांना गळ घातली की राजधानीपासून इथपर्यंत चांगला गाडीरस्ता करा. महाराजांनी तो केला, संस्थानाच्या पैशानं. रस्ता इतका चांगला झाला की इंग्रजांनीच आपल्या लिखाणात त्याची तारीफ केली.

आणि मग त्या रस्त्यावरनं इंग्रज वर आले. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला, आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी तिथं दवाखाना सुरू झाला. जागा त्याला पसंत पडली. १८२९ मध्ये तह होऊन महाबळेश्वरचा तो भाग कंपनीला गेला आणि बदल्यात महाराजांना वाईकडचं खंडाळा गाव मिळालं. होय, पुणे-सातारा हायवेवरचं, आज तालुक्याचं ठिकाण असलेलं खंडाळा. आजचे जमिनीचे भाव बघितले तर हा सौदा कुणालाही चक्रावून टाकील. पण त्या वेळी एक ओसाड, पावसानं झोडपलेलं पठार आणि एक वसलेलं गाव असा हिशोब होता. वर बाजारपेठ वसली, तिला नाव पडलं माल्कम पेठ.

रस्त्यानं डोंगरातल्या माणसाला काय दिलं? एक तर बाजार दिला. महाबळेश्वरला साहेब लोक राहायला लागले तसं दूध, कोंबड्या, लाकूड, गवत, मध यांना गिऱ्हाईक मिळालं. जी वस्तू डोक्यावर घेऊन सातारा गाठायला दोन मुक्काम पडायचे, ती गाडीत घालून नेता येऊ लागली. पुढे तिथल्या तुरुंगात आणलेल्या चिनी कैद्यांनी भाजीपाला पिकवायला सुरुवात केली आणि पठारावर नवी शेती रुजली. दुसरीकडे ओझी वाहायची कामंही डोंगरातल्या माणसाच्याच वाट्याला आली. मुंबईहून येणारे साहेब होडीनं बाणकोटच्या खाडीतून महाडच्या बाजूला उतरायचे आणि घाट पालखीत बसून चढायचे. पालखीखाली खांदा कुणाचा होता हे सांगायला नको. रस्ता कुणासाठी होतो आणि त्यावरनं कोण चालतं, हा प्रश्न तेव्हाही होता.

इकडे साताऱ्यात महाराजांचं आणि कंपनीचं बिनसत चाललं. तहात ठरल्याप्रमाणे आपल्या हाताखालच्या जहागिरींवर आपला हक्क आहे, असं महाराजांचं म्हणणं होतं. मुंबई सरकारला ते मान्य नव्हतं. महाराजांनी प्रकरण थेट विलायतेला न्यायचं ठरवलं, आणि इथून त्यांच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. आरोप आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला, कंपनीच्या पलटणीतले देशी अंमलदार फितवले. पुरावे म्हणून जे कागद पुढं आले, त्यांच्या खरेखोटेपणावर पुढं खुद्द इंग्लंडात वाद झाला.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नाक साताऱ्यात आला. त्यानं महाराजांपुढे एक मार्ग ठेवला. तह मोडल्याची कबुली लिहून द्या, मग गादी राहील. सही केली असती तर राज्य वाचलं असतं. महाराजांनी सही केली नाही. जे केलं नाही ते केलं म्हणून लिहून द्यायला ते तयार नव्हते. ज्या माणसाचं निम्मं तारुण्य पहाऱ्यात गेलं, त्याला पुन्हा पहारा म्हणजे काय हे पुरतं माहीत होतं. तरी त्यांनी तोच पत्करला.

५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे रेसिडेंट ओव्हान्स सैन्य घेऊन वाड्यावर आला. महाराजांना तिथून उचललं, आधी साताऱ्याजवळच्या लिंब गावी ठेवलं आणि नंतर काशीला रवाना केलं. गादीवर धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवण्यात आलं. काशीचा प्रवास कित्येक महिन्यांचा होता. महाराजांबरोबर निघालेले बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले. पाठीमागे रंगो बापूजी गुप्ते हे वकील महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथं अर्ज, सभा, भाषणं करत राहिले. साताऱ्याचा एक माणूस परक्या थंडीत, पैशाची चणचण सोसत, एवढी वर्षे धन्यासाठी भांडतो. त्याच्यावर वेगळंच लिहायला हवं.

१४ ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह महाराज काशीतच वारले. वय चौपन्न. सातारा त्यांनी पुन्हा पाहिला नाही. सहा महिन्यांत, ५ एप्रिल १८४८ ला, आप्पासाहेबही गेले. त्यांनी घेतलेलं दत्तक डलहौसीनं नामंजूर केलं आणि सातारा खालसा झालं. आप्पासाहेबांनीही रस्त्यांचं काम मात्र सोडलं नव्हतं. वेण्णा आणि उरमोडीवर त्यांनी पूल बांधले. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, जिथं आज पर्यटक बोटिंग करतात, तो त्यांनीच १८४२ मध्ये करवून घेतला.

कोकणाकडची बाजू त्यानंतर तीसेक वर्षांनी नीट झाली. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट १८७० च्या दशकात गाडीवाट म्हणून तयार झाला. त्याला त्यावेळी फिट्झगेराल्ड या गव्हर्नरचं नाव दिलं गेलं. जुलै २०२१ च्या पावसात हाच घाट दरडींनी बंद पडला, तेव्हा महाबळेश्वर आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गावांचे किती हाल झाले ते ताजं आहे. कोयना धरणाचं पाणी साठल्यावर कांदाटी खोऱ्यातल्या गावांच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या, आणि तापोळा-बामणोलीकडे यायला तिथल्या माणसांना लाँचची वाट बघावी लागली. आजारी माणूस, बाळंतीण, बारावीचा विद्यार्थी, सगळ्यांनाच.

महाबळेश्वरला फिरायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट बघून यावी. तिथल्या पॉइंटांच्या यादीत लॉडविक आहे. एल्फिन्स्टन आहे. आणि त्याच यादीत कार्नाक पॉइंटही आहे, महाराजांना गादीवरून काढणाऱ्या गव्हर्नराच्या नावाचा. तिथवर न्यायला पहिला गाडीरस्ता केला होता तो महाराजांनी.