औंधच्या मातीत रुजलेला पोलंडचा स्वामी

पर्यटन व्यवसायात अलीकडे एक कल्पना चांगलीच रुजली आहे. जेथे जाल तेथे स्थानिकांसारखे राहा, असे पाहुण्यांना सांगितले जाते. सातारा जिल्ह्यातही कृषी पर्यटन केंद्रांत शहरातून आलेल्या मंडळींसमोर चुलीवरची भाकरी, पिठले आणि खर्डा येतो, बैलगाडीतून शिवारफेरी होते. त्यात गैर काहीच नाही. मात्र दोन रात्रींनी पाहुणा परततो आणि गावाचे प्रश्न गावापाशीच राहतात. आठ दशकांहून अधिक काळापूर्वी याच परिसरात एक परदेशी गृहस्थ आले आणि त्यांनी गावाचे प्रश्नही आपले मानले. त्यांचे नाव मॉरिस फ्रिडमन, संन्यासाश्रमातील नाव स्वामी भारतानंद.

फ्रिडमन यांचा जन्म पोलंडमधील वॉर्सा येथील गरीब ज्यू कुटुंबातला. पेशाने ते विद्युत अभियंता. युरोपातील धर्मग्रंथांचा आणि विचारप्रणालींचा धांडोळा घेऊनही समाधान न झालेला हा तरुण १९३० च्या दशकाच्या मध्यास बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचा प्रमुख म्हणून भारतात आला. नोकरी निमित्तमात्र ठरली. ते तिरुवण्णामलैला रमण महर्षींकडे जाऊ लागले. पुढे केरळमधील स्वामी रामदासांकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि मुंडण करून, भगवी वस्त्रे नेसून ते कारखान्यात येऊ लागले. म्हैसूर दरबाराला आपल्या युरोपीय अधिकाऱ्याचा हा वेष रुचला नाही, यात नवल ते काय! गोऱ्या साहेबाने साहेबासारखेच दिसावे, अशी त्या काळाची अपेक्षा होती.

खरे तर वेष बदलणे हा या कहाणीतला सर्वांत सोपा भाग. भगवी वस्त्रे पांघरलेले पाश्चात्त्य पुढेही पुष्कळ आले. फ्रिडमन यांचे वेगळेपण औंधला दिसले.

औंध हे लहानसे संस्थान होते. सुमारे पाऊण लाख लोकवस्तीची त्याची बहात्तर गावे सलग नव्हती. राजधानीचे औंध आज सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात येते, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात. काही गावे तर पार विजापूरकडे. अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि स्वतः चित्रकार. औंधचे श्रीभवानी संग्रहालय ही त्यांचीच देणगी. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत इंग्लंडमध्ये शिकून आले होते. बंगळूरला त्यांचा फ्रिडमन यांच्याशी परिचय झाला आणि त्या स्नेहातून हा पोलिश संन्यासी औंधला येऊन पोहोचला.

राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करावी, ही कल्पना फ्रिडमन यांनी मांडली. राजाने ती मानली, हे त्याहून विशेष. मसुद्यासाठी गांधीजींचा सल्ला घेण्यात आला. राजाने स्वतःच्या खर्चाला मर्यादा घालावी, साधेपणाने राहावे, असा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये घोषणा झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याचे मंडळ आणि तेथून विधिमंडळ, अशी ही खालून वर चढत जाणारी रचना होती.

यावर आक्षेप घेता येतो. ही सत्ता प्रजेने झगडून मिळवलेली नव्हती, राजाने दिलेली होती. आणि ती देण्याचा विचार बाहेरून आलेल्या माणसाच्या डोक्यातून निघाला होता. आक्षेप खरा आहे. परंतु बाहेरचा माणूस सल्ला देऊन निघून गेला असता तर तो अधिक खरा ठरला असता. फ्रिडमन राहिले.

त्यांच्या कामाची ठळक खूण आटपाडीजवळ आहे. पाऊस रुसलेला हा माणदेशाचा मुलूख. घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरांमागे रानोरान फिरणाऱ्यांचा आणि खिल्लार जनावरांचा. १९३९ मध्ये येथे स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली आणि तिच्या उभारणीत फ्रिडमन यांचा पुढाकार होता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना येथे भिंतींशिवाय ठेवायचे, त्यांनी बायकामुलांसह राहावे, शेती करावी, असा हा बेत. जमिनीत राबणारा, घरसंसार असलेला माणूस पळून जाणार नाही, हा विश्वास ठेवायला शेतकऱ्याचे जमिनीशी असलेले नाते कळावे लागते. ते वॉर्सात जन्मलेल्या अभियंत्याला कळले होते! व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले, औंधच्या शाळेत शिकलेले. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेले तरी वसाहत चालू राहिली.

औंधची घटना अमलात आली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. १९४३ मध्ये वॉर्सातील ज्यूंची वस्ती नाझींनी जमीनदोस्त केली. ज्या गावातून फ्रिडमन निघाले होते, ते गाव तसे उरलेच नाही. पर्यटकाला परतीचे तिकीट असते. त्यांचे असे मिटून गेले होते. १९४८ मध्ये औंध विलीन झाले आणि घटनेचा प्रयोगही संपला. म्हणजे दुसरे घरही गेले, असे म्हणावे लागेल.

१९५९ नंतर तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी धावपळ केली. अखेरची वर्षे मुंबईत गेली. खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज यांच्या माडीवर ते जात. महाराज मराठीतच बोलत. त्या संवादांचे इंग्रजी भाषांतर फ्रिडमन यांनी केले आणि १९७३ मध्ये ‘आय अ‍ॅम दॅट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगभरच्या जिज्ञासूंना त्याच पुस्तकाने खेतवाडीचा रस्ता दाखवला. १९७६ मध्ये मुंबईतच फ्रिडमन यांचे निधन झाले.