संकटकाळाचा संपादक : साने गुरुजी

१९३८ साली जगभरातील पत्रकार स्पेनच्या यादवी युद्धाचे वृत्तांत धाडीत होते. त्याच वर्षी खानदेशातील अमळनेरहून एक लहानसे मराठी साप्ताहिक निघू लागले. त्याचे नाव 'काँग्रेस' आणि संपादक पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. 'श्यामची आई'मुळे गुरुजी घराघरांत पोहोचले. परंतु संकटाच्या प्रसंगी लेखणी हाती घेणारा पत्रकार ही त्यांची ओळख काहीशी झाकलेलीच राहिली.

रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढीत. पुढे 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी चालविले. त्यांच्या संपादकीय जीवनाचा पाया असा मुलांच्या सहवासात घातला गेला.

१९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. ती अठरा प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच आज ती ग्रंथरूपाने वाचावयास मिळतात. दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा वाचकापर्यंत पोहोचविण्याची निष्ठा त्यांच्या ठायी होती.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे भरले. त्यासाठी गुरुजींनी खानदेशातील खेडी पायाखाली घातली. कर्जाने आणि साऱ्याने वाकलेला शेतकरी त्यांनी जवळून पाहिला. साप्ताहिक निघाले तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते. गुरुजी स्वतः काँग्रेसचे निष्ठावंत कार्यकर्ते. तरीही पीक बुडालेल्या शेतकऱ्यांच्या सारामाफीचा आग्रह त्यांनी सोडला नाही. धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या पाठीशीही ते उभे राहिले. आपलेच लोक सत्तेवर असताना पीडितांची बाजू मांडणे परकीय सत्तेविरुद्ध लिहिण्याहून सोपे नव्हते.

१९४२ च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत राहून काम केले. १९४३ मध्ये ते पकडले गेले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी त्यांनी दहा दिवसांचे उपोषण केले. गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्र द्वेषाने होरपळत असताना त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि त्याच वर्षी मुंबईत 'कर्तव्य' हे सायंदैनिक काढले. ते अल्पायुषी ठरले. गुरुजी मात्र थांबले नाहीत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले.

समाजातील वैर पाहून होणारी वेदना त्यांना असह्य होत गेली. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. तेव्हा ते अवघे पन्नास वर्षांचे होते. 'साधना' मात्र आजही पुण्याहून प्रसिद्ध होते. संघर्षाचे वृत्त देणारे अनेक असतात. त्या संघर्षात दुबळ्याच्या शेजारी उभे राहून लिहिणारे थोडे. खानदेशाच्या मातीने घडविलेला हा संपादक त्या थोड्यांपैकी एक होता.