लीलावतीकार भास्कराचार्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी भास्कराचार्यांवर लिहा, असे कार्यकारिणीने सांगितले आणि मला आठवले ते भिलाईतल्या पहिल्या वर्षीचे माझे कर्ज. नवी नोकरी, नवा संसार. ओळखीच्या एकाकडून दोन हजार रुपये घेतले. व्याज शेकडा पाच. हे तर बँकेपेक्षा स्वस्त, अशा आनंदात मी होतो. पण ते पाच दरमहा होते! वर्षअखेर बाराशे रुपये व्याजात गेले आणि मुद्दल जसेच्या तसे उभे. खिशात इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असून ही गत.

पुढे लीलावतीचे मराठी भाषांतर हाती आले, तर त्यात नेमका हाच दर. शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळांना वर्षाला किती? सोळा, बारा आणि पाच यांचा गुणाकार ९६०. त्याला शंभराने भागले की नऊ पूर्णांक तीन पंचमांश. वर्षाला शेकडा साठ! हे गणित मला वेळेवर भेटायला हवे होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड. ते खानदेशातले पाटण की विजापूर, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मूळ ग्रंथात ती नाही. ती येते फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. मला त्याचे थोडे वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण समोर कोणी शिकणारे बसले आहे, हे ग्रंथात पानोपानी जाणवते. कधी बालेला प्रश्न, कधी मित्राला, कधी गणकाला.

आमच्या नातीला भूमितीची धास्ती. तिला मी बांबूचे गणित घातले. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. मोडला किती उंचीवर? तिने आधी चित्र काढले. मग सोळाचा वर्ग २५६, भागिले ३२, आठ. बत्तिसातून आठ गेले चोवीस, निम्मे बारा. बारा, सोळा आणि वीस असा काटकोन त्रिकोण तिने स्वतःच पडताळून पाहिला आणि आणखी एक मागितले!

बीजगणितात तर अज्ञात संख्यांना रंगांची नावे आहेत. पहिली यावत्तावत्, पुढच्या काळक, नीलक, पीतक. आपल्या क्ष आणि य पेक्षा मला तीच जास्त आवडतात.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ काढला. १२०७ सालचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आपण मुंबईला जाताना चाळीसगाव स्टेशन लागते, तिथून पाटण जवळच. लेखाची सुरुवात संस्कृतात आहे. मठाला काय काय मिळायचे, या हिशेबाशी आला की तो जुन्या मराठीत उतरतो.